काळ्या पडद्यावरचं गाऱ्हाणं

विनोदभावोजींना मालनवहिनीचा नमस्कार.

तुमची साखर आता किती आहे आणि समीक्षाचा गुडघा कसा आहे, ते सवडीनं कळवा. आम्ही दोघं ठीक आहोत. तुमच्या दादांचं ब्लडप्रेशर वर आहे, पण शिमगा जवळ आला की ते वर जातंच. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही दुसऱ्या वाक्यापासून "हो हो" म्हणायला लागता आणि आठवड्यानं मलाच विचारता की वहिनी काय म्हणत होती.

आपली पाखाडी, ती दगडी पायऱ्यांची वाट, पुन्हा बांधून झाली, हे तुम्हाला कळलं असेलच. ती ढासळल्यापासून देवाची पालखी डांबरी रस्त्यानं दुसऱ्या टोकाकडून यायची, त्यामुळे आपलं घर आणि शेजारचं काशीरामचं घर अगदी शेवटी लागायचं आणि कोणाच्या खळ्यात, म्हणजे दारापुढच्या अंगणात, आधी, हा प्रश्नच नव्हता. आता पालखी जुन्या वाटेनं वर येणार. म्हणजे पहिला मान या दोनपैकी एका घराचा. जुना क्रम ठाऊक असलेले, पालखीपुढे गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालणारे सदूअण्णा गावकर गेले, आणि त्यांनी कागदावर काही लिहून ठेवलेलं नाही. (गावात बाकी सगळ्याचे कागद आहेत. देवाचा नाही.) तुमचे दादा म्हणतात, मान आपला. काशीराम म्हणतो, त्यांचा. दोघंही ऐन उमेदीत नोकरीपायी बाहेर होते आणि शिमग्याला दोघांनाही रजा मिळत नसे, त्यामुळे दोघांनाही सगळं स्पष्ट आठवतं. मी त्या वेळी चुलीपाशी असायची. पालखी येईपर्यंत पोळ्या लाटून पुरण संपलेलं असलं पाहिजे, एवढंच मला माहीत. वाद एवढ्यावर थांबला असता तर मी लक्ष घातलं नसतं. पण तुमच्या दादांनी भर मंदिरात सांगितलं की, पालखी काशीरामकडे आधी गेली तर आपल्या घराचं दार बंद राहील. ते बोललेलं मागे घेत नाहीत, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलेलं आहे. देव खळ्यात उभा आणि दाराला कडी, हे मला या घरात बघायचं नाही.

तेव्हा मला आठवलं की, पाखाडी ढासळायच्या आदल्या वर्षी तुम्ही नवा कॅमेरा घेऊन शिमग्याला आला होतात आणि नंतर एक सीडी पाठवली होती. (क्रम तुम्हालाच विचारला असता, पण तुम्हाला गेल्या आठवड्याचंही आठवत नाही.) ती सीडी आई गेल्यापासून बंद असलेल्या त्यांच्या ट्रंकेत, नऊवारीच्या घडीत मिळाली. माझ्या जुन्या कॉम्प्युटरला सीडीचा कप्पा आहे. फाइल उतरवून घेतली, उघडली, तर योग्य तो कोडेक नसल्यामुळे चालवता येत नाही, असं उत्तर आलं. मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेलं आहे, त्यामुळे आधी कोडेक म्हणजे काय ते वाचून काढलं. थोडक्यात असं, की फाइलच्या नावापुढे जे एव्हीआय लिहिलेलं असतं तो फक्त डबा. आत चित्र कोणत्या पद्धतीनं दाबून भरलंय ते डब्यावरून कळत नाही. ज्या पद्धतीनं भरलं, त्याच पद्धतीनं उलगडावं लागतं, आणि ती पद्धत कॉम्प्युटरला ठाऊक नसेल तर तो हात वर करतो. हे समजल्यावर मी बाजारात मोबाइलच्या दुकानात दीपककडे गेले. त्यानं फाइलचं नाव बदलून एव्हीआयच्या जागी एमपीफोर लिहिलं आणि झालं म्हणून सांगितलं. (बरणीवरची चिठ्ठी बदलून लिंबाच्या लोणच्याचं आंब्याचं होत नाही, असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, बाई, बघा तरी. बघितलं. झालं नव्हतं.) मग त्यानं कुठूनसा एक फुकटचा कोडेकचा गठ्ठा घातला. त्याच्यासोबत रमीचे दोन खेळ आणि न सांगता उघडणारी एक पत्रिका जुळवणारी साइटही आली. ती काढण्यात माझा शुक्रवार गेला. शनिवारी आवाज सुरू झाला. चित्र नव्हतं. पडदा काळा. दीपक म्हणाला, मोठ्या पडद्यावर लावलं की चित्र येईल. हे मी खरं मानलं. कॉलेजात मी पदार्थविज्ञान घेतलं होतं, हे कोणाला सांगू नका.

आज दहा वाजता मंदिरात गाव जमलं. बाबू गावकरानं (सदूअण्णांचा पुतण्या, गाऱ्हाण्याचा मान आता त्याच्याकडे आहे) प्रोजेक्टर आणवला होता आणि पांढरी चादर बांधली होती. मी फाइल लावली. पांढऱ्या चादरीवर नुसता काळा चौकोन. आवाज मात्र मंदिराच्या भोंग्यातून आला. ढोल वाजले, थांबले. मग आई स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "विनोद, मध्ये उभा राहू नको." तुमचे दादा खाली बघायला लागले. आणि त्यामागून सदूअण्णांचं गाऱ्हाणं सुरू झालं. "बा देवा म्हाराजा, आज तुजी पालखी ह्या खळ्यात पयल्या मानानं बसल्येय. ह्या घरातली पोरंबाळं, गुरंवासरं, नोकरीला भायेर पडलेली माणसं, सगळ्यांवर नजर ठेव." आता गाऱ्हाणं ऐकल्यावर गप्प बसायची आपल्याकडे कोणाला सवय नाही. आधी पुढे बसलेले म्हातारे "व्हय म्हाराजा" म्हणाले, मग सगळं मंदिर, आणि सर्वांत मोठ्यानं काशीराम. दर वाक्याला. भोंग्याला उद्देशून. आपण एका मेलेल्या माणसाला आणि एका काळ्या चादरीला होकार देतो आहोत, हे गाऱ्हाणं संपेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. मी तोंड मिटून उभी होते. (शेवटच्या वेळी म्हणाले. सवय.)

मी चित्राबद्दल काही बोलणार, तोच काशीराम उठून माझ्याकडे आला. म्हणाला, "वयनी, चित्र ऱ्हाऊ दे. काकीचा आवाज वळखला मी. काकी आपलं खळं सोडून दुसऱ्याच्या खळ्यात कशाला उभी ऱ्हाईल? पयला मान तुमचा." बाबूनं लगेच नारळ ठेवला. निवाडा देवासमोर झाला, आणि त्यावर काशीरामानंच अकरा वेळा व्हय म्हटलेलं, त्यामुळे बोलायला जागा राहिली नाही. तुमचे दादा घरी येऊन दोन वाट्या भात जेवले आणि दाराच्या कडीला तेल घालून बसले आहेत.

समीक्षाला आशीर्वाद. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
मालनवहिनी

ता. क. दुपारी सगळे कोडेक स्वतःच्या पोटात घेऊन येणारा एक प्लेअर मला सापडला. त्यानं फाइल दुरुस्त करू का विचारलं, मी हो म्हटलं, आणि चित्र आलं. रंग चांगले आहेत.

ता. क. २. खळं काशीरामचं आहे. त्यांचा फणस, त्यांची निळी पडवी. आई त्यांच्या पायरीवर काशीरामच्या आईला टेकून बसल्या आहेत, हातात आरतीचं ताट, आणि ताटही त्यांचंच. आमच्या पिढीत दोन्ही घरांचं बोलणं जेमतेम आहे, पण त्यांचं तसं नव्हतं, असं दिसतं. तेराव्या मिनिटाला पालखी उठून आपल्या खळ्यात येते आणि तिथे सदूअण्णा "दुसऱ्या मानानं" असं स्वच्छ म्हणतात. आज इतकं पुढे कोणी ऐकलं नाही. पुढच्या वर्षी मी स्वतः हे गावासमोर सांगेन. यंदा दार उघडं राहू दे.

ता. क. ३. पत्राचं कारण. काशीरामचा दीपेश तुमच्याकडे मूळ फाइल मागणार आहे, त्याला त्यात त्याच्या आजीचा आवाज शोधायचा आहे. अवश्य पाठवा. प्लेअर कोणता, असं त्यानं विचारलंच तर खरं सांगा, आपण खोटं बोलत नाही. आपणहून सांगू नका.