शेवट आधी सांगणारे मामा

मु. पो. तेर

तीर्थरूप मामा,

पाया पडायला आता तुम्ही न्हाईत, म्हणून कागदावरच नमस्कार करते.

तुमचं तेरावं झालं. बायका म्हणतात, सासऱ्यासाठी सून रडली न्हाय. न्हाय आलं रडू. भाकरी थापते, गुरांना पाणी दाखवते, हात आपले चालतात. पिच्चरमधी कुणी मेलं तरी माझा पदर भिजायचा आणि तुम्ही हसायचा.

पिच्चर लागला की तुम्ही शेवट आधीच सांगून टाकायचा. मी भांडायची, "मामा, मग बघायचं कशाला? पुढं काय हुईल त्यातच तर मजा हाय." तुम्ही म्हणायचा, "शेवट कळला की जिवाला घोर ऱ्हात न्हाय. मग त्या माणसाकडं नीट बघून घेता येतं."

पौषात तुम्ही एकटेच सोलापूरच्या डॉक्टरकडं जाऊन आला. "नुसता गॅस हाय," म्हणाला. येताना तुळजापुरात उतरून पेढे आणले. त्या संध्याकाळी आपण पिच्चर बघितला, तर तुम्ही शेवटपर्यंत गप्प.

मी म्हटलं, "आज खरी मजा आली, मामा."

"व्हय, आज तू जिंकलीस," म्हणाला.

डॉक्टरनं तुम्हाला तेव्हाच सगळं सांगितलं होतं, हे आम्हाला पार शेवटी दवाखान्यात कळलं.

काल टीव्हीवर तोच पिच्चर लागला. ह्यांनी विचारलं, "हिरो वाचतो का गं?"

मी लगेच सांगून टाकलं, न्हाय वाचत. मग आम्ही दोघांनी त्याच्याकडं नीट बघून घेतलं.

तुमची सून,
दैवशाला