डोक्यात गाठ आहे, डोके ठिकाणावर आहे

मी, थ्यूरा बुंडगार्ड, वय एकोणचाळीस, धंदा प्लंबिंग, राहणार फोबोर्ग, बंदरामागच्या गल्लीतले पिवळे घर, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्या हाताने, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. दबाव आणण्याचा प्रयत्न झाला होता. मी त्याखाली आले नाही, याची नोंद असावी.

माझ्या डोक्यात, डाव्या कानाच्या मागे, एक गाठ आहे. येत्या गुरुवारी ती काढणार आहेत. गाठ साधी आहे पण जागा अवघड आहे, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. अवघड जागेतले काम कसे असते ते मला वेगळे सांगायला नको. माझे निम्मे आयुष्य लोकांच्या बेसिनखाली पाठीवर झोपून गेले आहे. त्या गाठीचा माझ्या अकलेशी काही संबंध नाही, हेही त्यांनी सांगितले आणि माझ्या सासूबाई रीगमोर यांच्या देखत सांगितले. तरीही गेल्या रविवारी कॉफी पिता पिता रीगमोर मला म्हणाल्या, "थ्यूरा, डोक्यात असलं काही असताना माणसानं असले निर्णय घ्यावेत का गं?"

मी म्हटले, "मग माझ्या मुलांचे निर्णय कुणी घ्यायचे?"

"ते बघता येईल," त्या म्हणाल्या.

ते बघायची वेळ कोणावर येऊ नये म्हणून हा कागद.

कलम १. मुले.

मला दोन मुले आहेत. सिग्ने सहा वर्षांची आहे आणि बर्ट्रम या महिन्याच्या सव्वीस तारखेला चार पूर्ण करील. त्यांचा बाप, माझा नवरा येप्पे, बर्ट्रम रांगायला लागायच्या आत धुक्यात गाडी घसरून गेला. तेव्हापासून मुलांचा ताबा माझ्या एकटीकडे आहे. मी गुरुवारी परत आले नाही, तर दोघांचा ताबा एस्किल लुंडहोल्म आणि त्याची बायको सोल्वाय यांच्याकडे जावा. रीगमोर यांच्याकडे जाऊ नये. हे वाक्य मी लिहून झाल्यावर पुन्हा वाचले आणि तसेच राहू दिले.

रीगमोर यांचे घर मोठे आहे, बाग आहे, त्या मुख्याध्यापिका होत्या आणि मुलांच्या सख्ख्या आजी आहेत. एस्किल घरीच पाळणाघर चालवतो, माझी दोन्ही मुले तिथेच वाढली, तो बाराही महिने सँडल घालतो आणि त्याच्या दाढीत नेहमी कोणाच्या तरी पेजेचा शिंतोडा असतो. ताबा ठरवणाऱ्या नगरपालिकेच्या बाईंसमोर दोघांना उभे केले तर त्या कोणाला निवडतील हे मला कळते. म्हणून त्या बाईंनी पुढचे वाचावे.

आमच्या गावच्या बागेत चोखण्यांचे झाड आहे. मूल मोठे झाले की तोंडात धरून झोपायची आपली रबरी चोखणी रिबिनीने त्या झाडाला बांधते, टाटा करते आणि घरी येऊन केक खाते. सिग्नेने तीन वर्षांची असताना स्वतःहून बांधली, वळूनही पाहिले नाही. बर्ट्रमचे तसे नव्हते. त्याला बाप आठवत नाही. त्याला झोपायला चोखणी आणि येप्पेच्या स्वेटरची बाही, दोन्ही लागत. एका रविवारी मी कोणाचे तरी फुटलेले पाइप जोडायला गेले होते. तो अडीच वर्षांचा होता. रीगमोर यांनी त्याला बागेत नेले, वरची फांदी निवडली आणि चोखणी बांधून टाकली. मी घरी आले तेव्हा तो दाराशी बसून हुंदके देत होता आणि रीगमोर भांडी पुसत होत्या.

"दोन दिवस रडेल, मग विसरेल," त्या म्हणाल्या. "येप्पेही रडला होता."

बर्ट्रमला गाडीत घातले, गाडीवर शिडी होतीच, आणि थेट बागेत गेले. उन्हाचा दिवस होता, सगळे गाव तिथे लोटले होते. मी झाडाला शिडी लावली आणि चढले. वर शेकडो चोखण्या, सगळ्या सारख्या. खाली लोक जमले. एक गृहस्थ ओरडले, "अहो बाई, ते झाड मुलांचं आहे!"

"मग मी कुणासाठी चढलेय असं वाटतं तुम्हाला?" मी वरून विचारले.

आणि मग जे व्हायचे ते झाले. मी झाडावरून चोखणी काढते आहे हे पाहून खालच्या एका पोरीला आपली आठवली. तिने भोकाड पसरले. तिचे ऐकून दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. ज्यांनी महिनोन्महिने खपून मुलांची सवय सोडवली होती, त्या सगळ्या आईबापांनी मला जे काही ऐकवले ते या कागदावर लिहिण्यासारखे नाही. शिडी हलत होती. एकाएकी ती हलायची थांबली. खाली पाहिले तर एस्किल दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता. त्याने काय झाले असे विचारले नाही, खाली उतर असेही म्हटले नाही. बर्ट्रमला खांद्यावर बसवून तो एवढेच म्हणाला, "हा म्हणतोय डावीकडे. निळ्या रिबिनीच्या मागे."

तिथेच होती.

गेल्या उन्हाळ्यात एकदा नाश्ता करताना बर्ट्रम आपणहून म्हणाला, "आज बांधू या." आम्ही गेलो. शिडी मी धरली, वर तो चढला. ती चोखणी आता झाडावर आहे आणि तिला कोणी हात लावायचा नाही. मुलाला हवे ते त्याला आधी विचारावे, एवढीच माझी अट आहे. ही अट एस्किलला सांगावी लागत नाही.

कलम २. घर.

घर मुलांचे. सिग्ने सज्ञान होईपर्यंत ते विकू नये. एस्किल आणि सोल्वाय यांना इथे राहायचे असेल तर राहावे, पाळणाघर इथे आणायचे असेल तर आणावे. अंगणात सहा बाबागाड्या सहज मावतात आणि वारा अडतो, तान्ही मुले दुपारी गाडीत बाहेर छान झोपतात. वरच्या मजल्यावरचा नळ ठिबकतो. प्लंबरच्या घरचा नळ ठिबकतो यावर गल्लीत पुष्कळ हसून झाले आहे. मी परत आले की दुरुस्त करीन.

कलम ३. हत्यारे.

पाने, पाइप कापायची कटर, वाकवायचे यंत्र, गाडी आणि वर उल्लेखलेली शिडी सिग्नेला. तिला नको असतील तर बर्ट्रमला. पण आधी तिला विचारावे, आणि विचारताना "तू मुलगी आहेस, तुला कशाला" असे म्हणणाऱ्याला घराबाहेर काढावे. मी शिकाऊ असताना मालकाने मला पहिले वर्षभर नुसती कॉफी करायला लावली होती. मी त्याच्या कॉफीत काय घालत असे ते गुपित माझ्याबरोबरच जाईल.

माझा भागीदार हॉल्गर याला काहीही ठेवलेले नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि हॉल्गर साक्षीदार आहे. साक्षीदार नसता तरी त्याला हत्यारे दिली नसती, कारण तो ती ओली ठेवतो. हे मी लिहीत असताना तो समोर बसून माझे चीज खातो आहे.

कलम ४. सव्वीस तारीख.

बर्ट्रमचा वाढदिवस मी असो वा नसो, ठरल्या दिवशी होईल. शोक त्यानंतर करावा. सकाळी रिवाजाप्रमाणे त्याच्या ताटाजवळ झेंडा लावायचा. केकचा माणूस, म्हणजे माणसाच्या आकाराचा केक, करायचा, केस ज्येष्ठमधाच्या गोळ्यांचे, बटणे लाल. त्या केकच्या माणसाचा गळा बर्ट्रमच कापील आणि कापताना सगळ्यांनी किंचाळायचे आहे. सोल्वाय छान किंचाळते. रीगमोर यांनी आजवर प्रत्येक वाढदिवसाला नुसते "आऊ" केले आहे, तेही रुमाल तोंडाशी धरून. मुलांच्या लक्षात येते. त्यांनी नीट किंचाळावे.

याच कलमात इतरही लिहून ठेवते, कारण नंतर कोणी विचारायला नसेल. सिग्नेचा वरचा दात हलतो आहे; तो ओढू नये, ती स्वतः सफरचंदाने पाडणार आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी दप्तर तिच्यापेक्षा मोठे दिसत होते आणि मी रडले, हे तिला माहीत नाही. तिला सांगितले तरी चालेल. बर्ट्रम सायकलवरून पडला की "काही नाही झालं" म्हणू नये. झालेले असते. मला ही दोन्ही मुले फार आवडतात. त्यांना रोज बूट घालताना जो उशीर होतो, तोसुद्धा आवडतो.

कलम ५. येप्पेचा निळा स्वेटर रीगमोर यांना. (हे कलम खोडले आहे. कारण खाली.)

इथवर लिहून झाले आणि फक्त सह्या राहिल्या. दुसरी साक्षीदार, शेजारची कारेन, येणार होती. तिच्या मुलाला उलट्या सुरू झाल्या म्हणून तिने निरोप पाठवला. तेवढ्यात दार उघडून रीगमोर आत आल्या, हातात मीटबॉलचे डबे. गुरुवारपासून मुलांजवळ राहायला त्या दोन दिवस आधीच आल्या होत्या. त्यांनी डबे ठेवले आणि कागद पाहिला.

"मी वाचू?"

"वाचा," मी म्हटले. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

त्या चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. मध्येच पर्समधून पेन्सिल काढून दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले. हॉल्गरचा चीजचा तुकडा हातातच राहिला.

"फांदीला बांधताना तो रडत नव्हता," झाडाच्या गोष्टीपर्यंत वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या. "नंतर रडला. तेही लिही."

लिहिले आहे.

"एस्किल," वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या. "येप्पेच्या दफनाला सँडल घालून आला होता तो."

"आला होता. आणि सगळा वेळ बर्ट्रमला कडेवर घेऊन उभा होता. आपण दोघी तर स्वतःच्या पायांवर उभ्या नव्हतो, रीगमोर."

त्यांनी चष्मा काढला आणि खिडकीबाहेर पाहिले. अंगणात मुले चिखलात पाणी ओतत होती. मग म्हणाल्या, "दुसरा साक्षीदार कुठंय?"

मी कारेनचे सांगितले.

"मग मी करते सही."

हॉल्गर घाबरून म्हणाला, "अहो बाई, तुम्हाला नाही चालायचं. तुमचं नाव आहे ना आत. ज्याला काही मिळतं त्याला—"

"मी शाळा चालवलीय हॉल्गर, मला वाचता येतं. थ्यूरा, ते स्वेटरचं खोड."

"तुम्ही स्वतः विणलाय तो. कितीदा मागितलात, मी दिला नाही. म्हणून तर लिहिलं."

"बर्ट्रम अजून बाही धरून झोपतो ना?"

"झोपतो."

"मग माझ्या कपाटात येऊन तो स्वेटर काय करणार आहे? खोड म्हणते ना."

मी खोडले. पेन त्यांच्या हातात देताना मला राहवले नाही. "सही कशाखाली करताय ते कळतंय ना? माझं डोकं ठिकाणावर होतं, असं सिद्ध होतं त्याने. पुढे कुणी कोर्टात जाऊन वेगळं म्हणालं तर—"

"मीच म्हणणार होते," रीगमोर म्हणाल्या. "आण ते पेन."

कलम ६ व शेवटचे. हे मृत्युपत्र मी मरण्यासाठी लिहिलेले नाही. सिग्ने आणि बर्ट्रम सज्ञान झाले की ते मी स्वतः फाडीन आणि शेगडीत घालीन. तोपर्यंत ते पिठाच्या डब्यामागे राहील. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वेळच मिळाला नाही.

स्थळ: फोबोर्ग, पिवळ्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक: ५ मार्च २०१९

सही: थ्यूरा बुंडगार्ड

साक्षीदार पहिला: हॉल्गर मिकेलसन, प्लंबर. तिने माझ्यादेखत सही केली. हत्यारे मी ओली ठेवत नाही.

साक्षीदार दुसरी: रीगमोर बुंडगार्ड, निवृत्त मुख्याध्यापिका. कलम १ मला मान्य नाही. थ्यूराने माझ्यादेखत सही केली, तेव्हा ती पूर्ण शुद्धीवर होती आणि माझ्याशी नेहमीसारखीच भांडत होती. मला या कागदातून काहीही मिळत नाही. सव्वीस तारखेला मी नीट किंचाळेन. ते ऐकायला सुनेने हजर राहावे.