तुमच्या वाट्याचा तुकडा

प्रिय बाबा,

सप्रेम सलाम लिहिणार नाही. आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि तुम्ही मध्येच उठून गेलात. तुम्ही! मी कॉलेज मध्येच सोडलं म्हणून महिनाभर माझ्याशी न बोललेले तुम्ही!

आज शनिवार. उद्या देवळात महिन्याचं प्रभुभोजन आहे, तुम्ही गेल्यानंतरचं पहिलं. तुमच्या जागी नगरहून नवे पाळक आलेत. दुपारी घरी आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शमुवेल, झालं गेलं विसर. उद्या ये आणि सगळ्यांबरोबर भाकर घे." इतकं सोपं होतं? मग तुम्ही मला आठ महिने का उपाशी ठेवलंत?

मार्थाच्या लग्नाची पुकार भर उपासनेत तुम्हीच वाचलीत. आपल्या मुख्याध्यापकांची मार्था, आणि कोपरगावच्या साखर कारखान्यातला कुणी कारकून. मी नगरचं कॉलेज कुणासाठी सोडून आलो होतो, ते तुम्हाला ठाऊक होतं. तरी तुमचा आवाज जरासुद्धा कापला नाही. "कोणाची हरकत असेल तर आत्ता सांगावी." चष्म्यावरून तुम्ही सगळ्या मंडळीकडे पाहिलंत, फक्त माझ्याकडे नाही. का नाही पाहिलंत, बाबा? पाहिलं असतंत तर कदाचित मी तिसऱ्या बाकावर बसून राहिलो असतो.

"माझी हरकत आहे!"

बायकांच्या बाजूला कुणाच्या तरी हातातलं गीतांचं पुस्तक पडलं. तुम्ही विचारलंत, "कारण?" परक्या माणसाला विचारावं तसं. आणि मी म्हणालो, "तिनं मला वचन दिलंय."

दिलं नव्हतं. हे आज पहिल्यांदा लिहितोय. माझ्या अकरा पत्रांना तिची दोन उत्तरं आली होती, आणि दोन्हींत 'अभ्यास कर' याच्यापलीकडे काही नव्हतं. उपासना सुटल्यावर तिनं सगळ्यांसमोर मला गाठलं. "कधी दिलं रे वचन? सांग ना, कधी?" मी चपलेनं माती उकरत राहिलो. कोपरगावचे लोक महिनाभर अडून बसले. शेवटी लग्न झालं, पण बँड नाही, वरात नाही, तोंड लपवून उरकल्यासारखं.

देवळाच्या वडीलमंडळींनी शिक्षा दिली असती तर मी सोसली असती. पण तुम्हीच उठलात. "जिथं उभा राहून खोटं बोलला, तिथंच उभा राहून त्यानं मार्थाची क्षमा मागावी. तोवर प्रभूच्या मेजापाशी त्याला जागा नाही." जणू मी तुमचा कुणी नव्हतोच!

तो रविवार तुम्हाला आठवतो? दुष्काळात गहू कुठला? राहेलमावशीनं रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी थापली होती, द्राक्षरसाऐवजी भिजवलेल्या मनुकांचं पाणी. तुम्ही ताट घेऊन माझ्यापाशी आलात. मी हात पुढे केला, आणि तुम्ही ताट सरळ शेजारच्या दाविदतात्यांपुढे धरलंत. तात्या बायकोला मारतात हे गावाला माहीत आहे, पण त्यांना मिळालं! मी ओरडलो, "ठेवा तुमची भाकरी तुमच्यापाशी!" आणि तसाच शेवगावच्या रस्त्यावर खडी फोडायला गेलो.

तिथं तुम्ही एकदा आलात. उन्हात, सायकलवरून. म्हणालात, "देवाला अर्धं माणूस नको असतं, शामू. तुझं कॉलेज अर्धं, काम अर्धं. आणि पश्चात्तापाला तर सुरुवातच नाही."

मी म्हणालो, "हरकत मात्र पूर्ण मनानं घेतली होती!"

तुम्ही चक्क हसलात. आणि मी पाठ फिरवून हातोडा उचलला. साधं पाणीसुद्धा विचारलं नाही तुम्हाला.

मग काविळीनं तुम्हाला आठ दिवसांत नेलं. निरोप मिळून मी पोचेपर्यंत माती लोटून झाली होती.

आज नवे पाळक गेल्यावर मी राहेलमावशीकडे गेलो. ती उद्याच्या भाकरीचं पीठ मळत होती. मी चिडून म्हणालो, "माझ्या बापापेक्षा हा परका माणूस दयाळू निघाला."

पिठाच्या हातानंच तिनं माझ्या थोबाडीत दिली, बाबा!

"गप ऱ्हा, मुडद्या! ताट कोन धुतं? मी धुते. तू गेल्यापासनं दर बारीला येक तुकडा उरायचा. मी म्हनलं, पाळकसायेब, कोन खात न्हाई? तर म्हनले, 'माझं पोरगं उपाशी हाय, राहेलबाई, मी कसा खाऊ?' कुनाला सांगू नको म्हनले. आठ म्हैने! सगळ्यास्नी मोडून दिली, आन् आपन तसाच घरी गेला तुझा बाप."

ही कसली दया, बाबा? लपवून ठेवलेली? मला एका शब्दानं सांगितलं असतंत तर धावत आलो असतो!

आलो असतो, पण तुमच्यासाठी. मार्थासाठी नाही. ते तुम्ही ओळखलं होतं ना? म्हणजे तेही अर्धंच झालं असतं. तुमचं बरोबर असेलही. तरी मला तुमचा राग येतो. देवाचाही येतो. मला वळायला आठ महिने लागले, त्याला आणखी आठ दिवस थांबता आलं नाही?

मार्था माहेरी आलीय, नवऱ्याला घेऊन. उद्या दोघं देवळात असतील. अजून तिचा आवाज ऐकला की मी हातातलं काम टाकून वळून पाहतो. याला तुमच्या शिस्तीत कुठं जागा आहे?

नवे पाळक जे फुकट देतायत, ते मी घेणार नाही. उद्या ताट फिरायच्या आधी मी त्याच तिसऱ्या बाकापाशी उभा राहीन. म्हणेन, "मार्थानं वचन दिलं नव्हतं. मी खोटं बोललो. मार्था, मला क्षमा कर." तिचा नवरा हसेल, दाविदतात्या मुद्दाम खाकरतील. माझा आवाज कापेल, कारण मला तुमच्यासारखं जमत नाही. मी पाळक होईन ही तुमची आशा मात्र सोडा, फक्त एवढंच पूर्ण करीन. तिनं क्षमा केली तर खाईन. नाही केली, तर ताट माझ्या हातानं पुढे देईन आणि पुढच्या महिन्यात पुन्हा उभा राहीन. त्याच्या पुढच्याही. राहेलमावशीच्या हाती ताट रिकामं जाईपर्यंत.

तुमचा, अजून उपाशी,
शामू