पोटाकडचा पट्टा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा चामड्याचं हातकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात मात्र थरथरतो, तेव्हा अक्षर वाकडं दिसलं म्हणून कोणी शंका काढू नये. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. उलट जन्मभर मीच इतरांवर दडपण आणत आले, हे माझा मुलगा शपथेवर सांगेल. याआधी केलेलं मृत्युपत्र मी फाडून टाकलं आहे. ते का फाडलं, ते पुढे येईलच.

कलम १. राहतं घर, बँकेतली ठेव आणि घरातलं सगळं सामान मुलाला. सूनबाई माझ्या लोखंडी कपाटाला अडगळ म्हणाली होती. मी ते विसरलेली नाही, तरी कपाट तिलाच द्यावं.

कलम २. दुकानाचा गाळा, पाटी, ठसा आणि शिल्लक चामडं माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. गाळा मोबाइलवाल्याला भाड्याने द्यावा म्हणून मुलगा दोन वर्षं माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतो आहे. पोरगा वाईट नाही. पण मागे त्यानं मला बाजारातली चकचकीत पर्स भेट दिली आणि ‘अस्सल आहे’ म्हणून सांगितलं. वर्षाच्या आत तिचे पापुद्रे निघाले. चामड्याचा भुगा चिकटवून वर रंगाचा थर दिलेला होता. चांभारकीवर वाढलेल्या पोराला जर कडेचा काप बघायचं सुचत नसेल, तर दुकान त्याच्या हाती देऊन काय करायचं? कापलेल्या कडेला धागे दिसले पाहिजेत. रंगाखाली पांढरी, सपाट रेघ दिसली तर ते दुकान सोडून बाहेर पडावं.

कलम ३. दुकान घेणारीनं पुढील गोष्टी पाळाव्यात. वजन पेलणारी वस्तू झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्याचीच करावी आणि पट्टा नेहमी पाठीच्या भागातून कापावा. कातडं दुमडून अंगठ्यानं दाबावं. बारीक सुरकुती पडून लगेच गेली तर ते पाठीचं, सैल पडून तशीच राहिली तर पोटाकडचं. पोटाकडचं चामडं अस्तराला आणि चाव्यांच्या पाकिटाला चालतं, ओझ्याला नाही. ते ताणतं आणि परत येत नाही. आधी तेल, मग एक अख्खा दिवस थांबायचं, मग मेण. तेल जिरायच्या आत वरचा लेप दिला की चकाकी चार दिवस टिकते आणि मग तडकते. गिऱ्हाईक घाई करतं, त्याला चहा पाजावा, लेप पाजू नये. भिजलेली वस्तू शेगडीजवळ किंवा उन्हात वाळवू नये, आत कागद कोंबून सावलीत ठेवावी. शिवण दोन सुयांनी, मेण लावलेल्या एकाच दोऱ्यानं घालावी. मग एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात, मशीनसारखे पटापट उसवत नाहीत.

कलम ४. कातडं कापायची रापी, भोकं पाडायच्या आऱ्या आणि संगमरवरी पाट धाकट्या भावाला. त्यानं एकोणतीस वर्षांत त्यांना हात लावलेला नाही. विकायच्या असतील तर विकाव्यात, पण आधी एकदा हातात घ्याव्यात. क्रोमचं, म्हणजे रसायनात कमावलेलं, कातडं सालीत कमावलेलं म्हणून माझ्या गळ्यात मारणाऱ्या व्यापाऱ्याला माझ्याकडून काही मिळणार नाही. तो सांत्वनाला आलाच तर त्याला पाणी द्यावं आणि वाटेला लावावं.

कलम ५. एकोणतीस वर्षांपूर्वी वीज कार्यालयाकडून खांबावर चढणाऱ्या कामगारांच्या कमरपट्ट्यांचं काम मिळालं. चाळीस पट्टे. दुकान तेव्हा माझ्या नावावर नुकतंच झालं होतं. नवरा वारला होता आणि मुलगा तीन वर्षांचा होता. अडतीस पट्टे पाठीच्या चामड्यातून निघाले. पुढचा माल यायला आठ दिवस होते आणि पट्टे परवा द्यायचे होते. उरलेले दोन मी पोटाकडच्या भागातून कापले. ओले करून ठोकले, म्हणजे घट्ट वाटतील. त्यावर काळ्या रंगाचे तीन हात दिले आणि इतके घासले, की चाळिसांत ते दोन कोणते हे बघून कळेना. धाकटा भाऊ तेव्हा दुकानात शिवणीला होता. त्यानं ते शिवायला घेतले तेव्हा तो म्हणाला, की हे हाताला वेगळे लागतात. मी त्याला सांगितलं, तू तुझी शिवण बघ.

पाच महिन्यांनी त्यातला एक पट्टा बक्कलाच्या भोकांशी ताणून फाटला. लाइनमन खांबावरून पडला. कंबर मोडली. तो आजही काठी घेऊन चालतो.

वीज कार्यालयाचे साहेब लोक बाकीचे पट्टे वापरातून काढून, फाटका पट्टा घेऊन दुकानात आले आणि हा कोणी कापला म्हणून विचारलं. मी सांगणारच होते, पण धाकटा आधी बोलला, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं समजावलं. ते खोटं आहे. मी मूग गिळून बसले होते. माझ्या मांडीवर पोर होतं. धाकट्यानं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “मी कापला.” त्याला कामावरून काढायचं या अटीवर दुकान वाचलं. तेव्हापासून तो एका गोदामाच्या फाटकावर राखण करतो. दोन सुयांनी शिवण घालणारा त्याच्याइतका हात मी दुसरा पाहिला नाही.

त्याची मुलगी सहा वर्षांपासून माझ्याकडे शिकते. प्रत्येक पट्टा तीनदा दुमडून बघते आणि म्हणते, बाबांसारखी चूक नको. मी ते रोज ऐकलं आणि खाली मान घालून शिवत राहिले. याची मला लाज वाटते.

आधीच्या मृत्युपत्रात मी हे सगळं लिहिलं होतं. पाकीट बंद करून वकीलबाईंकडे दिलं होतं, मी गेल्यावर उघडण्यासाठी. गेल्या रविवारी धाकट्याला मोठ्या तोऱ्यात सांगायला गेले, की तुझं नाव मी साफ करून ठेवलं आहे. त्यानं फाटकाची कडी लावली, स्टूल पुढे केलं आणि म्हणाला, “ताई, तू मेल्यावर. तोवर माझ्या पोरीनं मला काय समजायचं?” सोमवारी वकीलबाईंकडून पाकीट परत आणलं आणि फाडलं.

कलम ६. म्हणून हे मृत्युपत्र बंद पाकिटात ठेवलेलं नाही. आज दुपारी, दुकान उघडं असताना, कलम ५ मी मोठ्यानं वाचून दाखवलं. ऐकायला भाची होती, समोरचे घड्याळवाले होते आणि निरोप धाडून बोलावलेले तेच लाइनमन होते. दोन गल्ल्या सोडून राहतात. ते रस्त्यात दिसले की इतकी वर्षं मी पलीकडच्या बाजूला जात असे.

भाचीनं हातातली रापी पाटावर ठेवली. “आत्या, रोज ऐकत होतीस ना?” एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. तिनं चपला घातल्या आणि ती गोदामाच्या दिशेनं गेली. तिला दुकान नको झालं तर कोणी तिची मनधरणी करू नये आणि मुलानंही मध्ये नाक खुपसू नये. तिनं कुलूप लावून ठेवलं तरी गाळा तिचाच.

कलम ७. साक्षीदाराची सही करायला मी लाइनमनना विनंती केली. माझ्याकडून त्यांना काही मिळणार नसल्यानं कायद्याची अडचण नाही, हे वकीलबाईंना विचारून घेतलं आहे. त्यांनी काठी पाटाला टेकवून ठेवली. मग पेन मागितलं आणि म्हणाले, “सही करतो. माफ केलं, असं त्यात लिहू नका.”

तसं लिहिलेलं नाही.

स्थळ: दुकान, पुढची खोली
दिनांक: ४ मार्च, मंगळवार

लिहून ठेवणार: ताई (पाटीवर हेच नाव आहे)
साक्षीदार १: लाइनमन, निवृत्त. कलम ५ ऐकून मग सही केली.
साक्षीदार २: घड्याळवाले, समोरचं दुकान