शिंगाळ्याच्या तोंडातली अंडी

बा, आज बाजारात एका बाईनं शिंगाळा माशाचा जबडा फाकवून गोट्यांएवढी अंडी काढली आणि मी रिकामी पिशवी घेऊन घरी आले. तूही तशीच काढायचास. होडी किनाऱ्याला लागली की अंगठा आत घालायचास आणि म्हणायचास, “यो हावरा बग, आपलीच पोरां खातंय.” आपल्या थळ गावात सगळेच तसं म्हणत. त्या अंड्यांचं कालवण मी चाटूनपुसून खायचे.

आई गेली त्या वर्षी तू मला मुरुडच्या मावशीकडे कायमची सोडायला निघालास. दर्यावर जाणाऱ्यानं एकट्यानं मुलगी कशी वाढवायची, म्हणून सगळ्यांनी तुझं डोकं खाल्लं होतं. आपण पोचलो तर मावशी अजून बाजारातच. वेळ काढायला म्हणून तू मला विद्यापीठाच्या नव्या मत्स्यालयात नेलंस. हसतच शिरलास. “जित्तं मासं बगाया पन लोकं येतान?”

आणि काचेमागे तो शिंगाळा. गाल फुगलेले, पाण्यात एका जागी थांबलेला. तू तिथल्या शिकवणाऱ्या बाईंना ऐटीत सांगतोस, हा हावरा आहे, पोरं खातो. त्या सहज म्हणतात, “खात नाही, काका. हा बाप आहे. पिल्लं पोहायला लागेपर्यंत अंडी तोंडात सांभाळतो. तोवर स्वतः उपाशी राहतो.”

“बापूस?” तू एवढंच म्हणालास. आईला उचललं तेव्हाही मी तुला इतकं हादरलेलं पाहिलं नव्हतं. चेहरा पांढराफटक. आपल्याच अंगठ्याकडे बघत राहिलास. “आनि आमी जबरा फारून...” माझं मनगट इतकं आवळलंस की बांगडी पिचली. मीही घाबरले होते. मला वाटलं, तुला काहीतरी झालं.

मावशीच्या दारापर्यंत आपण गेलोच नाही. माझं गाठोडं काखेत मारून तू सरळ एसटी गाठलीस. रेवदंड्याची खाडी ओलांडायला तरीच्या होडीत बसल्यावर पहिल्यांदा बोललास, “भूक लागली का गो?” स्वतः मात्र काही खाल्लं नाहीस.

आता तू नाहीस, हे तुला पोचणार नाही, म्हणून सांगते. मावशीकडे विजेचा दिवा होता, घराला लागून शाळा होती. मला तिथंच राहायचं होतं. तरीत मी रडले, ते तुला आनंदाचं वाटलं आणि माझे डोळे पुसता पुसता तू हसलास. ते आनंदाचं नव्हतं, बा. तेव्हा नव्हतं.