शिफ्टनंतरचा अर्धा तास

अप्पा, परवा चिंचवडच्या एका सभागृहात पोरांना शिकवायला गेलो होतो. विषय माझाच, संगणकावर रचलेलं संथ संगीत. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "ह्याचे बी वर्ग भरायलेत?" भरतात, अप्पा, आणि पोरं वह्या घेऊन येतात. मी त्यांना या संगीताचं मूळ सांगितलं. परदेशात नाचाच्या मोठ्या हॉलशेजारी एक लहान खोली असायची. तासन्‌तास धडधड ऐकून कान बधिर झालेले लोक तिथे येऊन टेकायचे आणि त्यांच्यासाठी कुणीतरी हळू ताल लावायचं. त्यात जमैकाच्या संगीतातला खर्जाचा जाड बास आणि घुमणारे प्रतिध्वनी मिसळले, जॅझ आलं, जुन्या चित्रपटांच्या पार्श्वसंगीताचे तुकडे आले. मग मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, पण तुमच्यावर कुणाचा प्रभाव?" मी चार परदेशी नावं फेकली. पोरांनी ती उतरून घेतली, आणि घरी येईपर्यंत मला स्वतःची लाज वाटत राहिली.

कारण ती खोली मी आधी आपल्याच घरात पाहिली होती. तुम्ही चाकणच्या कंपनीत, प्रेस शॉपला मेंटेनन्स फिटर. दिवसभर पत्र्यावर प्रेस आदळायचे आणि एखादा बंद पडला की तुम्ही पळायचं. फर्स्ट शिफ्ट करून चारला घरी आलात की आई नुसत्या बोटानं आम्हाला गप्प करायची. अर्धा तास कुणी बोलायचं नाही, कुकरसुद्धा लावायचा नाही. तुम्ही गॅलरीतल्या खुर्चीत डोळे मिटून बसायचात. हा नियम कुणी केला नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती.

एकदा आई गावी, लातूरला गेली होती आणि मी हेडफोन लावून माझी पहिली पुरी झालेली रचना ऐकत होतो. तुम्ही आलात, बूट न काढताच खुर्चीत बसलात. "एकटाच काय ऐकायलास? मोठ्यानं लाव की." मी लावली. दोन मिनिटांनी तुम्ही विचारलंत, "हे सुरू कवा होणार?" मी फणकारलो, "तुम्हाला नाही कळायचं." तुम्ही रागावला नाहीत. "कळंना, पण बरं वाटायलंय. चालू ठेव," म्हणालात आणि बघता बघता घोरायला लागलात. मला ते फार लागलं. आठ महिने राबून केलेली रचना, आणि बाप घोरतोय! मी रागानं बटण दाबलं.

आवाज थांबला तसे तुम्ही ताडकन उठलात आणि दाराकडे धावलात. "कोणता बंद पडला?" मी हसलो, अप्पा. मग तुम्हाला घर दिसलं. ओशाळून परत बसलात आणि हळूच म्हणालात, "लाव की रं. उरलंय का अजून?"

मी म्हटलं, "संपलं."

तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत, आणि दोन वर्षांत गेलात. आता अनोळखी माणसं मला लिहितात, तुमचं संगीत लावलं की झोप लागते. मी ते अभिमानानं चारचौघांत सांगतो. पहिली झोप कुणाला लागली होती आणि ती कुणी मोडली, हे मात्र आईलाही सांगितलेलं नाही. हे पत्रही कुठे धाडणार?

ते संपलं नव्हतं, अप्पा. अजून सहा मिनिटं होती.