दहापैकी शून्य

३ मार्च, मंगळवार
चार खोकी आली. लेकीने पाठवलेले बिनतारी स्पीकर — दोन दिवाणखान्यात, एक स्वयंपाकघरात, एक निजायच्या खोलीत. हे खोक्यांभोवती दोनदा फिरले. "वायर दिसत नाही त्या यंत्रावर माझा विश्वास नाही." पस्तीस वर्षं स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलेला माणूस. निम्मं आयुष्य वायरी गुंडाळण्यात गेलं, दुसरं काय म्हणणार!

५ मार्च, गुरुवार
मायक्रोवेव्ह लावला की गाणं तुटतं. दोन दिवस मी दूध गॅसवरच तापवतेय आणि हे वायफायचा राउटर हातात घेऊन घरभर फिरतायत, मूल झोपवत असल्यासारखे. शेवटी कपाटामागून काढून चपलांच्या रॅकवर ठेवला. थांबलं तुटणं.

गाण्याखाली फोनवर एक सोनेरी पट्टी येते — हाय-रेझोल्युशन. पट्टी आल्याशिवाय हे ऐकायलाच बसत नाहीत. मी विचारलं, वेगळं काय त्यात? तर म्हणाले, "एरवी गाणं दाबून, घड्या घालून बॅगेत कोंबतात. हे इस्त्रीसकट येतं." खूश आहेत. किती दिवसांनी.

९ मार्च, सोमवार
निवृत्तीनंतरही स्टुडिओवाले यांच्याकडे काम पाठवतात. सध्या जुन्या रेकॉर्डिंगची या नव्या प्रकारासाठी साफसफाई चालू आहे. शेवटचा कान यांचा. यांनी 'ठीक' म्हटलं की ठीक.

तीन दिवस एकाच गाण्यावर बसलेत. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि तिथल्या छोट्या स्पीकरवर तेच गाणं. झांजा वाजल्या की दातांत कळ जावी तसं होत होतं. गाणारीचा प्रत्येक 'स' सुईसारखा. आतून यांनी विचारलं, "वरचा, बारीक आवाज अजून बुजलाय ना? थोडा वाढवू?"

मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं.

संध्याकाळी स्टुडिओतून फोन. यांनीच शिकवून तयार केलेला इंजिनिअर. फोन मोठ्याने लावून टेबलावर ठेवला होता, मला सगळं ऐकू आलं. "काका, वरचा भाग फार टोचतोय. पुन्हा एकदा बघता का?" फार जपून बोलत होता बिचारा. हे म्हणाले, "तुझे हेडफोन बदल." आणि फोन ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले. बराच वेळ.

१० मार्च, मंगळवार
आज स्पीकर लावले नाहीत.

१५ मार्च, रविवार
लेक आली. घर गप्प पाहून तिने माझ्याकडे बघितलं. मी 'विचारू नकोस' अशी मान हलवली, पण यांनी स्वतःच सगळं सांगितलं, इंजिनिअरच्या फोनसकट. मग म्हणाले, "घे माझी परीक्षा. साधं आणि हे, दोन्ही लाव. मी ओळखतो. आईलाही बसव — साध्या माणसाचा कान आणि माझा कान, यातला फरक कळू दे तुला."

दोघांना एकेक कागद, एकेक पेन्सिल. गाण्याचा तोच तुकडा दोनदा लागणार, एकदा दाबलेला, एकदा पूर्ण. पूर्ण कुठला — पहिला की दुसरा — ते लिहायचं. असं दहा वेळा. पट्टी दिसू नये म्हणून लेकीने फोन उशीआड धरला.

पहिल्याच खेपेला फरक मला स्वच्छ कळला. दाबलेल्या तुकड्यात झांजेची शेपटी मधेच छाटल्यासारखी. दुसऱ्यात ती हळूहळू विरत गेली. 'दुसरा' लिहिणार तेवढ्यात यांच्याकडे लक्ष गेलं. डोळे घट्ट मिटलेले. पेन्सिल कागदाच्या वर तशीच, अधांतरी. पन्नास वेळा पाहिलाय मी हा माणूस ऐकताना — असा चेहरा कधी नव्हता.

मी 'पहिला' लिहिलं. आणि मग दहाही वेळा जे ऐकू आलं त्याच्या उलट.

लेकीने कागद तपासले. बाबा पाच. आई शून्य.

यांनी आपला कागद पालथा ठेवला. मग माझा कागद उचलून हसले. "अगं, एकही नाही? इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून?" मीही हसले. लेक हसली नाही. जाताना दारात तिने माझा हात जरा जास्तच वेळ धरला.

१६ मार्च, सोमवार
यांनी दोनदा भाजी मागून घेतली. दुपारी स्पीकर लावले, आवाज बेताचा. मला चिडवून झालं — शून्यबाई.

बरं वाटलं आणि नाहीही. पंचवीस माणसं स्टुडिओत यांच्या कानाच्या भरवशावर असायची. आता त्या गाणारीचं गाणं लोकांपर्यंत सुया टोचत जाणार आणि कारण मी. खरं बोलावं तर कसं बोलावं? तोंड उघडलं होतं, भांडी घासायला उठले.

१८ मार्च, बुधवार
आज एकदाही 'शून्यबाई' नाही. माझा तो परीक्षेचा कागद यांच्या टेबलावर, चष्म्याखाली ठेवलेला.

१९ मार्च, गुरुवार
सकाळी चहाचा कप खाली ठेवून हे म्हणाले, "नुसतं ठोकून दिलं तरी दहातले चार-पाच बरोबर येतात. माझे आले तसे. दहाच्या दहा चुकवायचे, तर दहाही नीट ऐकू यावे लागतात."

मी ओट्याकडे वळले.

"कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, अकराची. तिथून आलो की कामाला बसू. बटणं मी फिरवतो — कुठे थांबायचं ते तू सांग."